ब्लोअर गप्प झाला? मोटर बदलण्याआधी फ्यूज आणि रेझिस्टर बघा

गंधवानी (जि. धार) : डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला गंधवानीहून धारच्या दिशेने निघालेली गाडी. आत पाच माणसं, काचा बंद, बाहेर कडाक्याची थंडी. दहा मिनिटांत पुढच्या काचेवर आतून वाफ धरते. चालक ब्लोअरची कळ फिरवतो, एक, दोन, तीन... काहीच नाही. मग शेजारी बसलेला फडक्याने काच पुसतो, मिनिटभराने पुन्हा तेच. समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली आली, तिला मागे लाल दिवा नसला, की मग देवच राखणारा. गंधवानी विंध्याच्या पायथ्याशी, निमाडच्या बाजूला. धार वर माळव्याच्या पठारावर. म्हणजे घाट चढल्याशिवाय सुटका नाही.

खानदेश-विदर्भातल्या वाचकाला हीटर म्हणजे गाडीतलं सगळ्यात निरुपयोगी बटण वाटतं. मे महिन्यात 44 अंश तापमान भोगणाऱ्या माणसाने हीटरचं कौतुक कशाला करायचं? पण इथेच गफलत होते. गाडीत हीटरचा पंखा वेगळा आणि एसीचा वेगळा, असं नसतं. मोटर एकच. थंड हवा, गरम हवा, नुसती हवा, काचेवरची हवा, सगळं तीच फेकते. ती मेली की डिसेंबरात हीटर गेला, मे महिन्यात एसी गेला आणि जुलैत काच साफ करण्याचा एकमेव भरवशाचा उपायही गेला. इंदूर-धुळे रस्त्यावर मानपूर-धामनोदच्या मधला गणेश घाट असो की सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट, ज्यांनी तिथे पावसात गाडी चालवली आहे त्यांना काच आंधळी होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आत नेमकं काय असतं?

इंजिन थंड ठेवणारं पाणी (खरं तर कूलंट) रेडिएटरकडे जातं, तसंच त्याचा एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत जातो. ही हीटरची जाळी, गॅरेजमध्ये तिला 'हीटर कॉइल' किंवा 'हीटर कोअर' म्हणतात. तिच्या शेजारी एसीची थंड जाळी. ब्लोअरचा पंखा हवा ओढून या जाळ्यांमधून ढकलतो आणि आतल्या झडपा ती हवा पायाशी, तोंडावर किंवा काचेवर वळवतात. बाहेरची हवा पंख्याने आत ओढून, गाळून, गरम करून देण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या नॅश कंपनीने 1938 मध्ये गाडीत आणली. मूळ कल्पना आजही तीच आहे.

ब्लोअरची मोटर 12 व्होल्टची, कार्बन ब्रशवाली साधी डीसी मोटर असते. पंखा घरातल्या टेबलफॅनसारखा पात्यांचा नसतो, पिंजऱ्यासारखा गोल असतो, डेझर्ट कूलरच्या ब्लोअरसारखा. छोट्या गाडीत पूर्ण वेगावर ही मोटर दहा-पंधरा अँपिअर खेचते, मोठ्या गाडीत वीस-पंचवीसपर्यंत. 12 व्होल्टला 15 अँपिअर म्हणजे 180 वॅट. हेडलाइटच्या दोन्ही हॅलोजन बल्बांपेक्षा हा भार जास्त आहे. तारा, कनेक्टर, फ्यूज यांचं दुखणं इथूनच सुरू होतं.

वेग कमी-जास्त करायला साध्या, म्हणजे चार वेगांच्या गोल कळीच्या गाड्यांत रेझिस्टर असतो. एक नंबरवर वीज रेझिस्टरच्या सगळ्या तारांतून जाते, मोटरला कमी दाब मिळतो, पंखा हळू फिरतो. दोन, तीनला रेझिस्टरचा थोडा थोडा भाग वगळला जातो. चार नंबरवर रेझिस्टर पूर्ण बाजूला आणि बॅटरीची वीज थेट मोटरला. आपोआप तापमान राखणाऱ्या एसीच्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतो. त्याचं निदान वेगळं आणि महागडं. ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच सोपवावं.

रेझिस्टर नेहमी हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण तो तापतो. समजा एक नंबरवर पाच अँपिअर वाहतात आणि रेझिस्टर आठ व्होल्ट अडवतो. मग 40 वॅट उष्णता तो एकटा सोसतो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातल्या सोल्डरिंग आयर्नइतकी. पंख्याची हवा त्याला थंड ठेवते. हवा थांबली की तो लाल होऊ शकतो, म्हणून त्याच्यात एक थर्मल फ्यूज टाकलेला असतो. ठरावीक तापमानाला तो उडतो आणि वीज तोडतो. हा थर्मल फ्यूज लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गोष्ट आहे.

'मोटर गेली' हे वाक्य लगेच मान्य करू नका

गॅरेजमध्ये ब्लोअर बंदची तक्रार गेली की पहिलं उत्तर येतं, "मोटर गेली, बदलावी लागेल." धारमध्ये, देवासमध्ये, शिरपूरमध्ये, कुठेही. बऱ्याच वेळा ते खरंही असतं. पण बहुतेक छोट्या गाड्यांत रेझिस्टर शेकड्यांत येतो, मोटर हजारांत आणि फ्यूज तर चहाच्या किमतीत. त्यामुळे आधी स्वस्तातलं बघायचं, हा क्रम गाडीमालकाने धरून ठेवायला हवा. मेकॅनिकला वाईट वाटलं तर वाटू द्या.

गाडी स्वतःच बरंच सांगते. एक, दोन, तीन नंबरवर काही नाही आणि चारवर पंखा धो धो चालतो, तर मोटर ठणठणीत आहे, रेझिस्टर गेलाय. याला अपवाद फार थोडे. उलट कोणत्याच नंबरवर चालत नसेल तर फ्यूज, रिले, कळ, तार किंवा मोटर, यांपैकी काहीही. चालता चालता बंद पडतो आणि डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला खाली चापट मारली की पुन्हा सुरू होतो, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत. ही चापटीची ट्रिक सगळ्यांना ठाऊक असते. ती चालते तेव्हा लोक खूश होतात. खरं तर मोटरचे दिवस भरले, एवढाच तिचा अर्थ आहे.

आवाजही ऐकावा. सुरू करताना चिमणीसारखी चिवचिव किंवा कर्कश किंचाळी म्हणजे बुश कोरडे पडले. वेगाबरोबर वाढणारी टकटक म्हणजे पंख्यात काहीतरी अडकलं आहे: कडुलिंबाची काडी, पिंपळाचं पान, कधी कागदाचा तुकडा. डॅशबोर्ड थरथरतो, तर पंख्याचं संतुलन बिघडलं, एखादं पातं तुटलं किंवा पंख्यात मातीचा गोळा बसला. आणि जळका वास आला तर ब्लोअर तिथल्या तिथे बंद करायचा. "थोडं पुढे जाऊन बघू" हे इथे चालत नाही.

एक वेगळी तक्रारही याच खात्यात टाकली जाते: हवा येते, पण गरम येत नाही. यात मोटरचा काही संबंध नाही. कूलंट कमी आहे, थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, झडप किंवा तिची केबल सुटली आहे. किंवा, आपल्या भागात हे फार होतं, कुणीतरी मे महिन्यात गळणारी हीटर कॉइल दुरुस्त करण्याऐवजी पाइप परस्पर जोडून टाकला आहे. "हीटर कोण लावतो इथे" असं म्हणून केलेला हा बायपास डिसेंबरात लक्षात येतो. जुनी गाडी विकत घेताना बॉनेट उघडून हे बघून घ्यावं.

तपासणी : टेस्ट लॅम्प पुरतो, पण नीट लावला तर

सुरुवात फ्यूजपासून. गाडीत फ्यूजचे डबे बहुधा दोन असतात, एक स्टेअरिंगच्या आसपास डॅशबोर्डखाली, दुसरा बॉनेटखाली बॅटरीजवळ. कोणता फ्यूज ब्लोअरचा, हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पात्याच्या फ्यूजला रंग ठरलेले आहेत: 15 अँपिअर निळा, 20 पिवळा, 25 पारदर्शक, 30 हिरवा. जो रंग उडाला तोच रंग पुन्हा. पिवळ्याच्या जागी हिरवा टाकला की "आता उडत नाही" हे खरं, कारण आता तार जळेपर्यंत तो उडणारच नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज चालवणारे महाभागही असतात. त्यांच्या गाडीत झोपू नये, एवढं सांगून पुढे जाऊ.

फ्यूज चांगला असेल तर मोटरच्या कनेक्टरपर्यंत वीज पोचते का, हे बघायचं. चावी ऑन, कळ पूर्ण वेगावर, कनेक्टर मोटरपासून सोडवलेला. इथे एक चूक हमखास होते. टेस्ट लॅम्पची एक टोक बॉडीला आणि दुसरं तारेला लावलं, दिवा लागला, म्हणून "वीज येतेय, मोटर मेली" असा निकाल दिला जातो. पण बऱ्याच गाड्यांत मोटरच्या एका तारेला चावी ऑन असताना कायम वीज असते आणि कळ-रेझिस्टर परतीच्या, म्हणजे अर्थच्या बाजूला असतात. तिकडची वाट तुटली असली तरी दिवा लागतोच. म्हणून दिवा कनेक्टरच्या दोन पिनांच्या मध्ये लावायचा. दोन्हींच्या मध्ये दिवा झगझगीत लागला आणि मोटर जोडल्यावर फिरत नाही, तर मोटर गेली. दिवा लागला नाही, तर दोष मोटरच्या मागे कुठेतरी आहे: रिले, कळ, रेझिस्टर, अर्थ.

साधा मल्टिमीटर व्होल्ट मोजायला उत्तम. पण तो मोटरच्या ओळीत टाकून अँपिअर मोजायला जाऊ नये. त्याची 10 अँपिअरची मर्यादा ओलांडली जाते आणि आतला फ्यूज जातो. घरगुती वायरमनकडचा चिमट्याचा मीटरही बहुतेकदा फक्त एसी प्रवाह मोजतो, गाडीत डीसी असतो. डीसी क्लॅम्प मीटर असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन मिळाला, तर मोटर किती खेचते हे त्याच्याकडून एकदा मोजून घ्या. कारण पुढे.

कारण असं, की जाम होत चाललेली मोटर जास्त प्रवाह खेचते. तो प्रवाह रेझिस्टरमधून जातो, रेझिस्टर तापतो, त्यात पंखा हळू म्हणून हवाही कमी. थर्मल फ्यूज उडतो. मेकॅनिक रेझिस्टर बदलतो. महिन्याभरात नवा रेझिस्टरही जातो. लोक म्हणतात, "डुप्लिकेट माल दिला." माल खराब असेलही, पण वर्षात दोनदा रेझिस्टर गेला तर संशय मोटरवर घ्यायचा. कनेक्टरचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय, वितळलंय, तर खात्रीच समजा. अशा वेळी मोटर, रेझिस्टर आणि कनेक्टर तिन्ही एकदम बदलणं शेवटी स्वस्त पडतं.

एका थर्मल फ्यूजने लागलेल्या आगी

हा उडालेला थर्मल फ्यूज जोडून टाकण्याचा जुगाड सगळ्यांना येतो. थोडं सोल्डर, तारेचा एक तुकडा, दहा रुपयांचं काम. तो किती महाग पडू शकतो याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथे व्हॉक्सहॉल कंपनीच्या झाफिरा बी या कौटुंबिक गाड्यांना डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने आगी लागू लागल्या. 2015 मध्ये कंपनीने दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. ब्लोअरच्या रेझिस्टरचा थर्मल फ्यूज चुकीच्या पद्धतीने दुरुस्त केल्याचं कारण कंपनीने दिलं. तेवढ्याने भागलं नाही. पाणी शिरून, गंजून जाम होणाऱ्या ब्लोअर मोटरचा प्रश्न शिल्लक होता, म्हणून 2016 मध्ये त्याच गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने 2017 मध्ये कंपनीवर कडक ताशेरे ओढले, कारण आगींची माहिती असूनही पावलं उशिरा उचलली गेली.

आपल्या रस्त्यांवर ती गाडी नाही. पण रेझिस्टर, थर्मल फ्यूज, जाम मोटर ही साखळी आपल्याकडच्या साध्या गाडीतही तीच आहे, आणि जुगाडाची हौस तर आपल्याकडे जास्तच.

मोटर बदलताना

भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत मोटर डाव्या बाजूला, पुढच्या प्रवाशाच्या पायांच्या वर, ग्लव्ह बॉक्सच्या मागे-खाली असते. खाली डोकं घालून वर बघितलं तर गोल तबकडी आणि तिला जोडलेली दोन तारांची कनेक्टर दिसते. अशा गाडीत हे काम सवय नसलेल्या माणसालाही तासा-दोन तासांचं आहे. काही मोठ्या गाड्यांत मात्र मोटर डॅशबोर्डच्या पोटात असते; तिथे हात घालू नये.

पहिलं काम, चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. त्यानंतर लगेच कामाला न लागता काही मिनिटं थांबायचं. नव्या मॉडेलच्या गाड्यांना 1 एप्रिल 2021 पासून पुढच्या प्रवाशाची एअरबॅगही सक्तीची झाली, आणि ती ग्लव्ह बॉक्सच्या अगदी वर असते. तिच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरायला वेळ द्यावा लागतो. किती मिनिटं, हे पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढी द्यावीत. पिवळ्या वेष्टणाची तार किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा. त्याला टेस्ट लॅम्प लावणं सोडाच, बोटही लावू नये. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागेल. तो आधी शोधून ठेवा.

मग ग्लव्ह बॉक्स रिकामा करायचा. (त्यात सापडणाऱ्या टोलच्या पावत्या, कुलदैवताचा अंगारा आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेली किल्ली ही या कामाची वरकमाई.) बहुतेक गाड्यांत त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो पूर्ण खाली लोंबतो, काहींत दोन-चार स्क्रू असतात. प्लास्टिक थंडीत कडक असतं, जोर लावला की कान तुटतो. सकाळी सातच्या थंडीत हे काम करण्यापेक्षा दुपारी उन्हात करावं.

कनेक्टरची कळ दाबून ती सोडवा. तार धरून ओढू नका. मोटरला थंड ठेवणारी बोटाएवढी रबरी नळी असेल तर तीही सोडवायची, आणि बसवताना विसरायची नाही. ती राहिली तर नवी मोटर आतून तापते. तबकडीला बहुधा तीन स्क्रू किंवा 8 मिलिमीटरचे छोटे बोल्ट असतात. एक स्क्रू हमखास अशा कोपऱ्यात असतो, की तिथे फक्त बुटका स्क्रू ड्रायव्हर जातो. सीमेपलीकडचे ज्याला 'पेचकस' म्हणतात तोच, पण अंगठ्याएवढ्या मुठीचा. तो आधीच आणून ठेवला तर चिडचिड वाचते. शेवटचा स्क्रू काढताना खालून हात धरा, मोटर पंख्यासकट खाली येते. तिच्याबरोबर पानांचा चुराही तोंडावर येतो; तोंड बंद आणि डोळे मिटलेले बरे.

जुनी मोटर हातात आली की घाई न करता तिच्याकडे बघा. पंखा हाताने फिरवला तर तो अलगद फिरून दोन-चार वेढे घेत थांबायला हवा. अडखळतो, खरखरतो, लगेच थांबतो, तर बुश गेले. दांड्याला वर-खाली हलवून खेळ वाटतो का ते बघा. तबकडीवर पाण्याचे डाग, पांढरट क्षार, गंज दिसला तर बिघाडाचं मूळ मोटरमध्ये नाही, पाण्यात आहे. ते न शोधता नवी मोटर बसवली, तर पुढच्या पावसाळ्यात हीच गोष्ट पुन्हा.

पाणी येतं कुठून? पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळ जी जाळी असते, तिथून बाहेरची हवा ब्लोअरकडे जाते. पावसाचं पाणीही तिथेच पडतं आणि बाजूच्या भोकांतून खाली वाहून जातं. गाडी कडुलिंब, चिंच किंवा महुवाच्या झाडाखाली उभी राहत असेल तर पानं, फुलं कुजून ती भोकं बुजतात. मग पाणी तुंबतं आणि ब्लोअरमध्ये उतरतं. जाळीखालची पानं पावसाळ्याआधी हाताने काढणं आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली येतं का बघणं, एवढंच करायचं. आत पायाशी साचलेलं पाणी साधं असेल तर हेच, किंवा एसीची नळी तुंबली. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटर कॉइल गळतेय आणि इंजिनाचं कूलंट कमी होतंय.

दुसरा शत्रू उंदीर. शेतातल्या घरासमोर, सोयाबीन-कापसाच्या ढिगाजवळ उभ्या गाडीत तो याच वाटेने शिरतो आणि ब्लोअरच्या डब्यात कापसाचं उबदार घरटं करतो. मोटर काढली आहे तोवर डबा आतून ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. घरटं असेल तर हातमोजे आणि तोंडाला रुमाल. कोरडा झाडू मारून धूळ उडवू नये. गाडीला केबिन फिल्टर असेल तर तो याच वेळी बदलायचा. तो कोंदला की हवा कमी येते आणि त्या बिचाऱ्या रेझिस्टरला पुन्हा चटके.

बसवणं म्हणजे हाच क्रम उलटा. फक्त स्क्रू घट्ट करण्याआधी नवी मोटर कनेक्टरला जोडून, बॅटरीची तार लावून, ग्लव्ह बॉक्स उघडा असतानाच चारही नंबरवर चालवून बघायची. बोटं पंख्यापासून लांब. तीन-चार वेळा डबा उघड-बंद करण्यापेक्षा हे बरं. चार नंबरवर पाच मिनिटं चालवून, मग बंद करून कनेक्टरला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर कनेक्टर बदला.

सुटा भाग कुठून आणायचा

धार जिल्ह्याची गंमत अशी, की याच जिल्ह्यात पीथमपूरला ट्रक-टेम्पोचे मोठे कारखाने आहेत आणि 29 जून 2021 रोजी उद्घाटन झालेला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा अतिवेगवान चाचणी मार्गही आहे. पण गंधवानीत ब्लोअरची मोटर हवी असेल तर मनावर, धार, नाहीतर सरळ इंदूर. तिकडे नातेवाईक असले तर ते आणून देतात आणि नेमका चुकीचा भाग येतो. म्हणून जुनी मोटर काढून, तिच्यावरच्या चिकटपट्टीचा, क्रमांकाचा, कनेक्टरचा आणि स्क्रूच्या भोकांचा फोटो पाठवावा. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल-सीएनजी, जुनं-नवं मॉडेल यांप्रमाणे मोटर बदलते.

गाडीच्या कंपन्या ब्लोअर सहसा स्वतः बनवत नाहीत. सुब्रोस, डेन्सो, माहले, हॅनॉन अशा कंपन्या बनवून देतात. त्यामुळे डब्यावर गाडीचं नाव नसून यांच्यापैकी एखाद्याचं असलं तर दचकायचं कारण नाही. पंख्यासकट मोटर मिळाली तर तीच घ्या. नुसती मोटर घेतली तर जुना पंखा काढून तिच्यावर बसवावा लागतो, त्यात पंख्यावरची संतुलनाची बारीक क्लिप निघाली की डॅशबोर्ड कायमचा थरथरतो. फिरण्याची दिशाही जुळायला हवी. उलटी फिरणारी मोटर आवाज भरपूर करते आणि हवा नावापुरती देते, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. ट्रकचा माल विकणाऱ्या दुकानातून घेताना व्होल्ट वाचा; मोठ्या ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची असते. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, त्यामुळे 24 व्होल्टचे ब्लोअर आता बाजारात वाढत जाणार. 24 ची मोटर 12 वर फिरते, पण म्हाताऱ्यासारखी.

जुनी मोटर उघडून कार्बन बदलून देणारे कारागीर इंदूरला, जळगावलाही सापडतात. जुन्या गाडीला, जिचा भाग मिळतच नाही, तिला हे ठीक. बुशवर तेलाचा थेंब टाकून किंचाळी बंद करणं हे मात्र लग्नाच्या वरातीपुरतं काम आहे. तेल धूळ धरतं आणि काही आठवड्यांत आवाज परततो, पहिल्यापेक्षा मोठा.

रस्त्यातच बंद पडला तर

रात्रीची वेळ, पाऊस, घाट समोर आणि ब्लोअर गेला. आधी हवा आत फिरवण्याचं बटण बंद करून बाहेरची हवा उघडायची, झडप काचेकडे, तापमान पूर्ण गरमकडे. पंखा नसला तरी गाडी वेगात असताना बाहेरची हवा जाळीतून थोडी आत येते, इंजिन गरम असेल तर कोमट. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं खाली करायच्या. थंडी वाजेल, पण आतली वाफ बाहेर जाते. ओल्या छत्र्या, पावसात भिजलेले कपडे डिकीत टाका, वाफ त्यांच्यातूनही येते. काच आतून कोरड्या वर्तमानपत्राने पुसली तर हाताच्या पंजापेक्षा जास्त वेळ टिकते. पंजाचं तेल काचेवर राहतं आणि समोरच्या दिव्यांत चकाकतं.

वाफ आतून आहे की बाहेरून, हेही बघून घ्यायचं. माळव्याच्या थंडीतून गाडी निमाडच्या उबदार, दमट हवेत उतरते, किंवा पावसात एसी काचेवर सोडलेला असतो, तेव्हा काच थंड पडून वाफ बाहेरून धरते. तिथे ब्लोअर कितीही चालला तरी उपयोग नाही. वायपरचा एक फेरा आणि काम झालं.

आणि घाटाच्या तोंडाशी काच साफ राहत नसेल, तर घाटाच्या अलीकडे ढाब्यावर थांबायचं. थांबल्यावर काचा बंद, इंजिन चालू ठेवून आत झोपायचं नाही. सायलेन्सरचा धूर आत येतो तेव्हा त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. इंजिन बंद, अंगावर चादर, उजाडेपर्यंत.